कळा मोजायला शिका: गरोदरपणात शरीर कसं बदलतं आणि बाळंतपण कसं पुढे सरकतं

सोलापुरातल्या अशोक चौकाच्या पुढच्या वस्तीतली एक विडी कामगार बाई दुसऱ्या बाळंतपणाला आली होती. मी विचारलं, "कळा किती वेळानं येताहेत?" तिच्याकडे घड्याळ नव्हतं. ती म्हणाली, "सकाळी दोन कळांच्या मध्ये वीस-बावीस विड्या व्हायच्या अक्का, आता दहाच होतात." दिवसाला हजार विड्या वळणारा हात मिनिटाला साधारण दोन विड्या करतो. म्हणजे दहा मिनिटांवरची कळ पाच मिनिटांवर आली होती. तपासलं तर गर्भपिशवीचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं. घड्याळ नसूनही तिचं मोजणं बरोबर होतं.

बाळंतपणाच्या खोलीत माझी बरीच वर्षं गेली. पहिलटकरणी बारीक कळांना घाबरून रात्री दोनला रिक्षानं येतात आणि सकाळी परत जातात. दुसरीकडे, पाणी जाऊन दिवस उलटला तरी "कळा कुठं आहेत अजून" म्हणून घरी बसवलेल्या पोरीही येतात. कुठं थांबायचं आणि कुठं एक मिनिटही दवडायचं नाही, हे कळायला आपल्या शरीरात काय चाललंय ते आधी ठाऊक असावं लागतं. म्हणून अगदी सुरुवातीपासून सांगते.

पाळी चुकल्यावर पहिलं काम

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. त्यात सात दिवस आणि नऊ महिने मिळवले की अंदाजे तारीख मिळते. १० जूनला पाळी आली असेल तर १७ मार्च. पाळी दर २८ दिवसांनी येत असेल तर हा हिशोब जवळपास बसतो. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून तारीख पक्की होते. बरोबर त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बाया मोजक्याच. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळ कधीही येऊ शकतं.

बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा. वस्तीतल्या आशाताईंना सांगितलं तरी त्या जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात घेऊन जातात. तिथं माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, लघवी आणि रक्तदाब यांची तपासणी होते आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू होतात. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते, त्यामुळे ही गोळी उशिरा सुरू करून तिचा पुरता फायदा मिळत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरं बाळ मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. त्यालाही हीच वेळेवरची नोंद लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

रक्त, हृदय आणि पोटातली जागा

पोट दिसायला लागण्याआधीच शरीर कामाला लागलेलं असतं. अंगातलं रक्त नऊ महिन्यांत जवळजवळ निम्म्यानं वाढतं. पण त्यातलं पाणी जास्त वाढतं आणि लाल पेशी त्या मानानं कमी, म्हणून रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो. तो ११ च्या खाली गेला की पंडुरोग धरायचा. ७ च्या खाली असेल तर मोठ्या दवाखान्यातच बाळंतपण व्हायला हवं, कारण बाळंत होताना थोडं रक्त गेलं तरी अशा बाईला ते झेपत नाही. जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. यातलं थोडंफार वाढलेल्या रक्ताचं असतं, पण बसल्या जागी धाप लागत असेल तर लगेच दाखवा.

चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, कमीत कमी १८० दिवस घ्यायची असते. ती चहाबरोबर घेतली तर फुकट जाते. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घ्या आणि दोन्हींमध्ये दोन तास तरी जाऊ द्या. शौचाला काळं होतं म्हणून पुष्कळ बाया गोळी बंद करतात. ते लोहामुळेच होतं, त्यात भिण्यासारखं काही नाही.

पिशवी आधी जेमतेम पेरूएवढी असते, वजन साधारण ६०-७० ग्रॅम. शेवटी ती एकटीच किलोभराची होते आणि तिच्यात बाळ, वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) आणि पाणी मावतं. बाराव्या आठवड्यात ती ओटीपोटाच्या हाडावर हाताला लागते, विसाव्याच्या सुमारास बेंबीपाशी येते आणि छत्तिसाव्यात बरगड्यांच्या खाली पोचते. विसाव्या आठवड्यानंतर नर्स टेपनं पोट मोजते. जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन-तीन इकडेतिकडे. आकडा फारच मागे पडला तर बाळाची वाढ पाहायला सोनोग्राफी करतात.

गरोदरपणाचं एक हार्मोन शरीरातले मऊ स्नायू सैल करतं, म्हणजे पिशवी शांत राहते. पण त्याच सैलपणामुळे जठराचं तोंड नीट मिटत नाही आणि घशाशी येतं, आतडी मंदावतात आणि पोट साफ होत नाही. सांध्यांचे बंधही सैल होतात, म्हणून कंबर आणि जांघा दुखतात. पहिल्या आणि शेवटच्या महिन्यांत पिशवी मूत्राशयावर दाबते, त्यामुळे सारखी लघवी लागते. तिच्याबरोबर जळजळ असेल तर तो जंतुसंसर्ग असतो आणि त्यानं अवेळी कळा सुरू होऊ शकतात. बेंबीखालची काळी रेघ, गालावरचे वांग, पोटावरच्या चिरा हे सगळं त्वचेवर दिसणारं, निरुपद्रवी.

बाळाची हालचाल पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला त्याआधी. सुरुवातीला पोटात गॅस फिरल्यासारखंच वाटतं. सातव्या महिन्यापासून रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजा. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर "बाळ झोपलं असेल" म्हणून रात्र काढू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. पाठीवर उताणं झोपल्यानं पिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि चक्कर येते, म्हणून पाचव्या महिन्यानंतर कुशीवरच झोपा.

सोलापुरात राहताना

इथला उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो आणि पुष्कळांची घरं पत्र्याची. अंगातलं पाणी कमी झालं की पोट वारंवार आवळतं, लघवीला त्रास होतो, गरगरतं. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला की पाणी कमी पडतंय असं समजा. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, ज्वारीची आंबील दिवसभर थोडी थोडी घेत राहा. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी आलं की घरभर धावपळ उडते. त्या दिवशी भरलेल्या घागरी आणि बादल्या गरोदर बाईनं उचलायच्या नाहीत. हे सासूबाईंना आणि नवऱ्याला स्पष्ट सांगायला हवं. मी तर नवऱ्याला समोर बसवूनच सांगते. साठवलेलं पाणी उकळून प्या.

खाण्यात आपल्याकडे मुळात पुष्कळ चांगलं आहे. ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, मटकी आणि हुलग्याचं कालवण, शेपू, तांदुळजा, अंडी, दूध. त्यावर लिंबू पिळा. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं" असं म्हणून पोरीच्या ताटातली भाकरी कमी करणारी घरं मी पाहिली आहेत. त्यानं बाळ अशक्त जन्मतं आणि कळा सोसायला आईच्या अंगात ताकद उरत नाही. नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वजन वाढायला हवं. आधीच बारीक असलेल्या बाईचं थोडं जास्त वाढलं तरी चांगलंच.

आता तंबाखूचं. हे सांगताना माझा जीव तुटतो, कारण विड्यांवर किती घरं चालतात ते मला ठाऊक आहे. तंबाखूतलं निकोटीन हाताच्या कातडीतून आत जातं आणि धूळ श्वासातून. त्यानं वारेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला रक्त कमी मिळतं आणि बाळ कमी वजनाचं होतं. काम सोडणं प्रत्येकीला परवडत नाही. पण इतकं तरी करा: दारात किंवा खिडकीपाशी, वारा येईल तिथं बसा. तोंडावर ओढणी बांधा. जेवणापूर्वी साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. तंबाखूचं पोतं झोपायच्या खोलीत ठेवू नका. दर तासाला मांडीवरचं सूप खाली ठेवून उठा आणि पाच मिनिटं चाला. मांडी घालून तासन् तास बसलं की पाय सुजतात आणि कंबर धरते. आणि मिश्री पूर्ण सोडा. "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे मी रोज ऐकते. त्यासाठी रात्री कोमट पाणी, पालेभाजी आणि चालणं आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हिरड्यांतून तो थेट रक्तात जातो.

कधी थांबायचं नाही

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा आणि हात सुजणं ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं. १४० / ९० किंवा त्यापुढे आकडा गेला की डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहायचं, नाहीतर झटके येऊ शकतात. पाय संध्याकाळी थोडे सुजणं वेगळं, आणि सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं असणं वेगळं. अंगावरून रक्त जाणं, ताप, ३७ आठवड्यांच्या आत कळा किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो वा सण, निघायचं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत जानेवारीत रस्ते बंद असतात, तेव्हा तारीख जवळ असेल तर दवाखान्याचा दुसरा रस्ता आधीच पाहून ठेवा.

आठव्या महिन्यातली तयारी

"सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" हे खरं नाही. बाळ पोटात जितकं जास्त दिवस राहील तितकं बळकट होतं. आठव्या महिन्यात बाळंतपण कुठं करायचं ते ठरवा आणि तिथं एकदा जाऊन या. माहेरी जाणार असाल तर कार्ड आणि सगळे रिपोर्ट बरोबर न्या. तुमच्या रक्तगटाचे दोघेजण सांगून ठेवा. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, जेवण, गरज पडल्यास रक्त, सगळं मोफत आहे. घरून नेणं-आणणंही मोफत, त्यासाठी १०२. जीवावरचं असेल तर १०८. दोन्ही नंबर नवऱ्याच्याच नाही, शेजारणीच्या फोनमध्येही असू द्या.

दवाखान्यात न्यायच्या पिशवीत कार्ड, रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक, दोन सैल गाऊन, पॅड, जुन्या सुती साड्यांचे धुऊन उन्हात वाळवलेले तुकडे, बाळाला टोपी-मोजे आणि एक पांघरूण ठेवा.

खोट्या कळा, खऱ्या कळा

शेवटच्या महिन्यात पोट खाली उतरतं. धाप कमी होते, पण चालताना जांघेत ओढ बसते. पोट अधूनमधून दगडासारखं कडक होतं आणि सुटतं. या सरावाच्या कळा. दोन ग्लास पाणी प्या, थोडं चाला किंवा कुशीवर पडा. तेवढ्यानं थांबल्या तर खोट्या.

खरी कळ पाठीतून सुरू होते आणि कमरेला वळसा घालून ओटीपोटात उतरते. ती पाणी पिऊन थांबत नाही. पुढची कळ जास्त वेळ टिकते, जोर वाढतो आणि मधला वेळ कमी होत जातो. पोटावर तळहात ठेवा. पोट आवळायला लागलं की वेळ बघा, पूर्ण सैल झालं की पुन्हा बघा. ही कळेची लांबी. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ म्हणजे अंतर. दोन्ही कागदावर लिहा. सोबत रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव जाऊ शकतो. पिशवीच्या तोंडावरचं बूच सुटल्याची ती खूण, तेवढ्यावर धावत यायची गरज नाही.

पहिलटकरणीनं कळा पाच मिनिटांवर आल्या, प्रत्येक कळ मिनिटभर टिकली आणि तासभर तसंच चाललं की निघावं. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल, किंवा घर अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या गावात असेल, तर दहा मिनिटांवर असतानाच निघा. आधी सिझर झालेलं असेल, जुळं असेल किंवा बाळ पायाळू असेल तर पहिल्याच कळेला निघा.

पाणी गेलं तर कळा असोत-नसोत, निघायचं. किती वाजता गेलं आणि रंग कसा होता ते लक्षात ठेवा. हिरवट असेल तर बाळानं आत शी केली आहे, घाई करा. पाण्याबरोबर नाळ बाहेर आलेली दिसली तर बाईला गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवी करा, कंबर वर ठेवा आणि १०८ बोलवा. नाळ आत ढकलू नका.

घरी कोणाला बोलावून "कळा वाढवायचं" इंजेक्शन घेऊ नका. त्यानं पिशवी फाटून आई आणि बाळ दोघं गेल्याची उदाहरणं आहेत. एरंडेल पाजणंही नको.

कळांपासून बाळापर्यंत

सुरुवातीचा टप्पा सगळ्यांत लांब. पिशवीचं तोंड पातळ होतं आणि पाच सेंटिमीटरपर्यंत उघडतं. पहिल्या खेपेला याला आख्खा दिवस लागू शकतो. हा वेळ शक्यतो घरात काढा: पेज, खिचडी, चहा-बिस्कीट खा, कोमट पाण्यानं अंघोळ करा, चाला, दर दोन तासांनी लघवीला जा. ताकद साठवा, जोर करू नका.

पाचच्या पुढे वेग येतो. पहिलटकरणीला दहापर्यंत पोचायला बारा तासांपर्यंत, पुढच्या बाळंतपणाला दहा तासांपर्यंत लागू शकतात. शेजारच्या खाटेवरची लवकर मोकळी झाली म्हणून घाबरू नका. नर्स बाळाचे ठोके ऐकत राहते, मिनिटाला ११० ते १६० असावेत. आतून तपासणी साधारण चार तासांनी. आडवं पडून राहणं बंधनकारक नाही. उभं राहा, खाटेला धरून डोला, चाला. गुरुत्वाकर्षणानं बाळाचं डोकं खाली सरकायला मदत होते.

सरकारी दवाखान्यात सोबतीला एक बाई आत असू शकते, ही मुभा २०१६ पासून आहे. ती मागून घ्या. सोबतीणीनं काय करायचं तेही सांगते. कळ आली की माकडहाडावर तळहाताच्या टाचेनं घट्ट दाब द्या. कळ गेली की घोटभर पाणी. "नाकानं श्वास घे, तोंडानं हळू सोड" इतकंच कानाशी म्हणत राहा. दुसऱ्या कोणाच्या अवघड बाळंतपणाची गोष्ट तिथं काढू नका.

दहाच्या अगदी जवळ आल्यावर बाई थरथरते, उलटी होते, "मला नाही जमत, सिझर करा" म्हणते. तेव्हा बहुतेकदा बाळ दारात आलेलं असतं. मग शौचाला लागल्यासारखा दाब येतो. अशा वेळी एकटीनं संडासात जायचं नाही, नर्सला सांगायचं. पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावरच जोर, तोही कळेबरोबर. हनुवटी छातीकडे, आणि जोर खाली. दोन कळांच्या मध्ये अंग सैल सोडा. पहिल्या खेपेला याला तीन तासांपर्यंत लागू शकतात. डोकं दिसायला लागलं की नर्स "आता जोर नको" म्हणते, तेव्हा धापा टाकल्यासारखा छोटा श्वास घ्या, म्हणजे डोकं हळू निघतं आणि फाटत नाही. प्रत्येकीला चीर द्यावी लागत नाही. पोटावर बसून किंवा कोपरानं दाबून बाळ ढकलणं धोक्याचं आहे. तसं कोणी करू लागलं तर सोबतीणीनं तिथंच थांबवावं.

बाळाचे ठोके पडले, बाळ आडवं असलं किंवा पुरेशा कळा असूनही तोंड उघडेना, तर सिझर लागतं. ते बाईचं अपयश नव्हे.

बाळ बाहेर आलं की ते कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. त्याच मिनिटाला आईला एक इंजेक्शन देतात, त्यानं पिशवी आवळते आणि रक्त कमी जातं. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापली की बाळाला वारेतलं जास्तीचं रक्त मिळतं. वार अर्ध्या तासात पडते. नंतर पोटावर बेंबीपाशी हात लावा. पिशवी नारळासारखी टणक लागली पाहिजे. मऊ लागत असेल, तासाच्या आत पॅड भिजत असेल किंवा मोठ्या गाठी जात असतील तर लगेच हाक मारा.

पहिले दोन दिवस

पहिल्या तासात बाळाला पाजा. पिवळसर चीक फेकून देऊ नका. तो थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेव्हा बोराएवढं असतं. मध, घुट्टी, साखरपाणी काही नको. सहा महिने फक्त आईचं दूध. पाजताना पोटात बारीक कळा येतात, त्यानं पिशवी आवळते, घाबरू नका. सहा तासांच्या आत आईला लघवी झाली पाहिजे. ४८ तास दवाखान्यातच राहा. जिवावरचा रक्तस्राव बहुतेक याच काळात होतो. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी घेतल्याशिवाय घरी जाऊ नका, आणि जन्माची नोंद २१ दिवसांत होते ना ते पाहा.

घरी शेक-शेगडी करायची पद्धत आपल्याकडे आहे. बंद खोलीत कोळसे पेटवू नका. त्या धुरातला वायू दिसत नाही, पण बाळ गुदमरतं. आईच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी पुरते.

ती विडीवाली बाई त्या दिवशी दुपारी मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी घरी जाताना तिनं विचारलं, "विड्या परत कधी धरू अक्का?" मी सांगितलं, सहा आठवडे तरी नाही. आणि धरशील तेव्हा सूप बाळाच्या खोलीत नको, पाजायच्या आधी कोपरापर्यंत साबण लाव आणि तंबाखूची साडी बदलूनच बाळाला जवळ घे. तिनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "दुसऱ्या खोलीत सूप मी नेते."